घरापासून कंपनीच्या गेटापर्यंत: नागपुरात नोकरी कुठे अडते, आणि ती अडचण कशी सोडवायची

हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात मी एकोणीस वर्षं काढली. हजेरी, गेटपास, पगार, नवी भरती, सगळं त्या एका खोलीतून चालायचं. आता रविवारी सकाळी मानेवाड्याकडच्या एका अभ्यासिकेत बसतो. मुलं-मुली कागदांच्या पिशव्या घेऊन येतात, आम्ही मिळून फॉर्म भरतो. या दोन टेबलांवर बसून एक गोष्ट ध्यानात आली. मुलाखतीत नापास झाली म्हणून नोकरी हुकलेली माणसं मला कमी भेटली. आधारवरच्या नावामुळे, बंद पडलेल्या बँक खात्यामुळे, पहाटेच्या बसमुळे किंवा पहिल्या महिन्यातल्या चार खाड्यांमुळे हुकलेली मात्र ढिगानं भेटली.

त्यामुळे इथे टाय कोणत्या रंगाचा घालावा हे सापडणार नाही. अडचणी ज्या क्रमानं येतात त्याच क्रमानं लिहितो आहे. पहिल्या दोन पायऱ्या नोकरी शोधायला लागायच्या आधीच उरका. नंतर वेळ मिळत नाही.

पायरी १: सगळीकडे नाव एक करा

एक मुलगी आली होती. मिहानमधल्या (विमानतळाजवळचा उद्योग-आयटी भाग) एका कंपनीत बॅक ऑफिसला निवड झालेली, चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. दहावीच्या मार्कशीटवर माहेरचं नाव, आधारवर लग्नानंतरचं, आणि पॅनवर तिसरंच काहीतरी, कारण ते काढून देणाऱ्यानं वडिलांचं नाव मधे घालायचंच सोडून दिलं होतं. रुजू व्हायच्या दिवशी पीएफचा फॉर्म भरताना नाव जुळेना. "दुरुस्त करून या," म्हणाले. दुरुस्त व्हायला तीन आठवडे लागले आणि तोवर जागा भरली.

पीएफचा बारा आकडी यूएएन नंबर, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा तुमचा पीएफचा क्रमांक, आधारवरच्या नावावर उभा असतो. ऑगस्ट २०२५ पासून नवा यूएएन सरकारच्या उमंग ॲपवर चेहरा दाखवूनच काढावा लागतो. म्हणजे पूर्वी टाइम ऑफिसातला बाबू "करतो ॲडजस्ट" म्हणायचा, ती सोयही गेली.

मग दुरुस्ती कोणत्या क्रमानं करायची? बहुतेकजण इथेच चुकतात. जे ऑफिस घराजवळ असेल तिथून सुरुवात करतात. तसं करू नका. दहावीची मार्कशीट समोर ठेवा. तिच्यावरचं नाव आणि जन्मतारीख हा पाया. आधार त्याच्याशी जुळवा, मग पॅन, मग बँक, मग बाकीचं. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, त्यामुळे चुकीच्या कागदावरून आधार बदलून घेतलं तर एक संधी वाया जाते. नाव-पत्ता बदलायची फी ७५ रुपये आहे. त्याहून जास्त कोणी मागितले तर पावती मागा.

मार्कशीटच चुकलेली असेल तर दुरुस्तीचा प्रस्ताव शाळेमार्फत बोर्डाच्या विभागीय मंडळाकडे जातो. वेळखाऊ काम आहे, म्हणून आजच शाळेत जा, नोकरी लागल्यावर नाही.

मुलींना एक सांगणं. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कोणताही कायदा नाही. बदलायचं ठरवलंत तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि गरज पडल्यास राजपत्रातली नोंद घेऊन सगळे कागद एका दमात बदला. अर्धे जुने आणि अर्धे नवे, ही सर्वांत वाईट स्थिती.

आणखी एक बारीक गोष्ट. आधारला कोणता मोबाईल नंबर जोडलाय? अभ्यासिकेत हा प्रश्न विचारला की निम्मी मुलं वर बघतात. "बाबांचा असंन जी." तो बाबांचा नंबर रिचार्ज न केल्यानं कधीच बंद पडलेला असतो, आणि प्रत्येक ओटीपी त्याच्यावरच जात असतो. आधार केंद्रात जाऊन स्वतःचा नंबर जोडा आणि तो बंद पडू देऊ नका. दहावी-बारावीच्या मार्कशीट डिजिलॉकरमध्ये उतरवून ठेवा. पावसाळ्यात घरात पाणी शिरून कागद भिजलेली घरं मी पाहिली आहेत.

सरकारी भरतीचा विचार असेल तर डोमिसाईल, जातीचा दाखला, जात वैधता आणि नॉन-क्रिमीलेअर यांचं वेळापत्रक वेगळं बांधा. खासगी नोकरीला यातलं काही लागत नाही. सरकारीला सगळं लागतं, आणि ऐन जाहिरातीच्या दिवसांत सेतू केंद्रावर रांग असते. अर्ज 'आपले सरकार' पोर्टलवर होतो. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानं प्रत्येक दाखल्याला मुदत ठरवून दिलेली आहे. ती उलटली तर तिथूनच अपील करता येतं. लोक अपील न करता एजंटाकडे जातात.

पायरी २: बँक खातं चालू आहे ना, ते बघा

खातं आहे एवढं पुरत नाही. दोन वर्षं त्यात काहीच व्यवहार केला नसेल तर बँक ते निष्क्रिय करते. पासबुक घेऊन शाखेत जा, केवायसी (ओळख-पत्त्याचे कागद) द्या, शंभर रुपये भरा आणि काढा.

यापेक्षा लपलेला खड्डा वेगळा आहे. पूर्ण केवायसी न देता उघडलेलं 'छोटं खातं' असेल, आणि बरीच जनधन खाती अशी उघडली गेली, तर त्यात वर्षभरात एक लाखापेक्षा जास्त रक्कम जमा होऊ शकत नाही. महिन्याला दहा हजारांपेक्षा जास्त काढता येत नाहीत आणि शिल्लक पन्नास हजारांच्या वर जाऊ शकत नाही. महिन्याला साडेबारा हजार पगार धरा: आठ महिन्यांत एक लाख झाले. नवव्या महिन्याचा पगार परत जातो, मुलगा ठेकेदाराशी भांडतो, ठेकेदार म्हणतो मी टाकला, आणि दोघंही खरं बोलत असतात. असं एक भांडण मी स्वतः सोडवलं आहे. बँकेत जाऊन आधार-पॅन देऊन खातं पूर्ण केवायसीचं करून घेतलं की प्रश्न मिटतो. अर्ध्या तासाचं काम.

पॅन आधारला जोडलेलं नसेल तर आता १,००० रुपये भरून जोडावं लागतं. ते टाळू नका.

आणि एटीएम कार्ड कोणाच्याही हातात देऊ नका. "सगळ्यांची कार्डं आमच्याकडे असतात, पगार आम्हीच काढून देतो," असं म्हणणारा ठेकेदार भेटला तर पगारातून काहीतरी परत काढून घ्यायचा त्याचा विचार आहे, एवढं समजून घ्या.

पायरी ३: घर ते गेट, हिशेब आधी

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवणार आहे, कारण नागपुरातल्या नोकऱ्या जिथे आहेत तिथे नागपुरातली माणसं राहत नाहीत. बुटीबोरी वर्धा रोडवर शहरापासून पंचवीस-तीस किलोमीटर. कळमेश्वर काटोल रोडच्या बाजूला. गोदामं अमरावती रोडवर वाडीला, ट्रान्सपोर्टचं काम भंडारा रोडवर कापसीला. मिहान विमानतळाच्या पलीकडे. आणि काम शोधणारा राहतो नंदनवनला, दिघोरीला, जरीपटक्याला, पारडीला.

मेट्रोनं बरंच सोपं केलं, पण सगळ्यांसाठी नाही. ऑरेंज लाईन ऑटोमोटिव्ह चौकातून खापरीपर्यंत जाते, ॲक्वा लाईन प्रजापती नगरातून लोकमान्य नगरपर्यंत, आणि दोन्ही सीताबर्डीला भेटतात. हिंगण्यात काम असेल तर लोकमान्य नगरला उतरून पुढे शेअर ऑटो पकडता येतो. मिहानचं काम असेल तर खापरीपर्यंत ठीक, पुढचं अंतर कंपनीच्या गाडीचं. बुटीबोरीवाल्याला मेट्रो खापरीला सोडते आणि तिथून पुढे त्याचं नशीब. शिवाय मेट्रो सुरू होते सकाळी सहाच्या सुमारास. सातच्या फर्स्ट शिफ्टला तिचा उपयोग नाही.

दिघोरीचा एक मुलगा, आयटीआय फिटर, बुटीबोरीत हेल्पर म्हणून लागला. कंपनीची बस छत्रपती चौकातून सव्वासहाला सुटायची. दिघोरीहून त्या वेळेला छत्रपती चौकात पोहोचवेल अशी सिटी बस त्याला सापडली नाही. पहिले सहा दिवस भावानं गाडीवर सोडलं. मग भावाची नाईट लागली. दहाव्या दिवशी तो अभ्यासिकेत परत हजर. मी विचारलं, "काहून सोडलं रे?" तर म्हणाला, "सोडलं नाही जी काका, पोहोचतच नव्हतो."

त्याला आम्ही काय सांगितलं, तेच तुम्हाला सांगतो. रुजू व्हायच्या आधी एकदा, शिफ्टच्या खऱ्या वेळेला, तो प्रवास करून बघा. दुपारी मुलाखतीला जाताना जो रस्ता चाळीस मिनिटांचा वाटतो, तो पहाटे साडेपाचला वेगळाच असतो. येतानाचंही बघा. सेकंड शिफ्ट रात्री अकराला सुटते, तेव्हा बस कुठे सोडते? घराजवळ की चौकात? ओव्हरटाइमला थांबलात तर बस मिळते का? बसचे पैसे पगारातून कापतात का, किती? हे प्रश्न मुलाखतीत विचारले तर कोणी रागावत नाही. उलट टाइम ऑफिसवाल्याला वाटतं, हा टिकणार.

मग गेटवर उभे राहा. खरंच. शिफ्ट सुटायच्या वेळी गेटवर पंधरा मिनिटं थांबलात तर तुमच्या बाजूला राहणारं कोणीतरी सापडतं. त्या फिटरला मानेवाड्याचा एक ऑपरेटर सापडला, त्याच शिफ्टचा. पेट्रोल अर्धं-अर्धं ठरलं. आज तो तिथेच आहे.

आता पैशांचा हिशेब. समजा पगार १४,००० सांगितला, सगळा मूळ वेतन आणि महागाई भत्ता धरून. त्यातून पीएफचे १२ टक्के म्हणजे १,६८० कापले जातील. ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, पाऊण टक्का म्हणजे १०५. व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००, महिलांना २५,००० पर्यंत माफ). हातात उरले १२,०१५. आता सीताबर्डीहून बुटीबोरी, जाऊन-येऊन साठ किलोमीटर. गाडी लिटरला पन्नास देत असेल आणि पेट्रोल ढोबळ मानानं शंभर रुपये धरलं, तर रोजचे १२०, सव्वीस दिवसांचे ३,१२०. उरले ८,८९५, त्यात डबा, पंक्चर आणि मे महिन्यातलं पंचेचाळीस अंशांतलं ऊन धरलेलं नाही.

गांधीबागेतल्या होलसेल दुकानात किंवा वाडीच्या गोदामात, घराजवळ, ११,००० चं काम असेल तर कोणतं बरं? उत्तर सरळ नाही. कंपनीत पीएफ, ईएसआय आणि शिकायला मशीन आहे. दुकानात वेळ वाचतो, पण कागदावर काहीच उमटत नाही. माझं मत विचाराल तर पंचविशीच्या आतल्याने, कंपनीची बस असेल तर, लांबचं मशीनचं काम घ्यावं. घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर जवळचं. "१४ मोठे की ११" एवढंच बघून निर्णय मात्र घेऊ नका.

बुटीबोरीला रेल्वे स्टेशन आहे हे अनेकांच्या लक्षात येत नाही. शिफ्टला जुळणारी गाडी असेल तर मासिक पास पेट्रोलच्या तुलनेत फारच स्वस्त पडतो. वेळ आधी तपासा.

पायरी ४: काम शोधायचं कुठे

इथे फार लिहीत नाही. महास्वयम् पोर्टलवर नोंदणी करा, केंद्राच्या नॅशनल करिअर सर्व्हिसवरही करा, दोन्ही फुकट आहेत. सिव्हिल लाईन्समधल्या जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रातून रोजगार मेळाव्यांची माहिती मिळते. मेळाव्याला दहा वाजता बोलावलं तर साडेनऊला जा. बाराच्या पुढे टेबलामागची माणसं थकलेली असतात आणि फॉर्म नुसते गोळा करतात.

आयटीआय केलेल्यांनी ॲप्रेंटिसशिप टाळू नये. १९६१ च्या कायद्यानुसारचं प्रमाणपत्र पुढे कामाला येतं. नागपुरात आयुध निर्माणी आहे, वेकोलि (कोळसा खाणी) आणि मॉईल (मँगनीज खाणी) या सरकारी कंपन्यांची मुख्यालयं आहेत, मध्य रेल्वे आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वे या दोघांची विभागीय कार्यालयं आहेत. ॲप्रेंटिसच्या जाहिराती त्यांच्या त्यांच्या अधिकृत संकेतस्थळांवर येतात. विद्यावेतन कमी असतं, पण पहिल्या वर्षाचा अनुभव घरी बसून मिळत नाही.

आणि खरं सांगायचं तर आमच्या कारखान्यात निम्मी माणसं आतल्या माणसाच्या सांगण्यावरून लागायची. त्याला वशिला म्हणू नका. सुपरवायझरला फक्त एवढंच हवं असतं की येणारा माणूस उद्याही येईल. नातेवाईक, आयटीआयचे सर, जुने वर्गमित्र, ज्यांना सांगायचं त्यांना नेमकं सांगा: "मी वेल्डर आहे, बुटीबोरी किंवा हिंगणा चालेल, नाईट चालेल." "कुठेतरी लावून द्या न भाऊ" असं सांगितलं तर भाऊ विसरतो.

पायरी ५: पैसे मागितले की उठा

"रेल्वेत लावून देतो, दोन लाख आता, तीन ऑर्डर आल्यावर." "वेकोलित कोटा आहे." "रजिस्ट्रेशनचे ९९९, परत मिळतील." "लॅपटॉपचं डिपॉझिट." या सगळ्यांचं कूळ एकच. नोकरी देणारा पगार देतो, पैसे घेत नाही. रेल्वेची भरती रेल्वे भरती बोर्ड किंवा भरती कक्षामार्फत जाहिरात देऊनच होते. मधल्या माणसाला त्यात जागाच नाही.

मुलाखत भाड्याच्या फ्लॅटमध्ये, नियुक्तीपत्र फुकटच्या ईमेलवरून, आणि पैसे कोणाच्या तरी वैयक्तिक यूपीआयवर. यातलं एक जरी दिसलं तरी निघा. पैसे गेलेच असतील तर लाजू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता जास्त. लोक लाजेपोटी तीन दिवस घरात सांगत नाहीत आणि तेवढ्यात पैसा चार खात्यांतून फिरून जातो.

मूळ मार्कशीट कोणाकडेही जमा करू नका. मूळ बघू द्या, झेरॉक्स द्या, मूळ पिशवीत परत. "आमच्याकडे नियमच आहे," म्हणाले तर तिथे गेल्यावर सुटणं कठीण होणार, हे ओळखा.

पायरी ६: बायोडाटा आणि समोरासमोरचं बोलणं

एक पान पुरे. त्यात धर्म, जात, वडिलांचा व्यवसाय, उंची-वजन नको (सिक्युरिटीचं काम सोडून). पूर्ण पत्ताही नको, "नागपूर" आणि पिनकोड पुरतो. का, ते सांगतो. काही वस्त्यांचं नाव वाचलं की समोरच्याचा चेहरा बदलतो. हे मी टेबलाच्या या बाजूनं पाहिलं आहे आणि त्याची मला लाज वाटते. नियम बदलायला वेळ लागेल. तोवर त्याला तो चेहरा करायची संधीच देऊ नका. रुजू होताना पत्ता द्यावाच लागतो, पण तोपर्यंत तुमचं काम त्यानं ऐकलेलं असतं.

मुलाखतीत सगळ्यात वाईट उत्तर कोणतं? "कोणतंही काम करीन सर." नम्रता म्हणून मुलं हे बोलतात. ऐकणाऱ्याला कळत नाही तुम्हाला ठेवायचं कुठे. त्याऐवजी तीन वाक्यं तयार ठेवा: काय येतं, ते कुठे केलं, कोणत्या शिफ्टला आणि कधीपासून येऊ शकता. ही वाक्यं आधी मराठीत लिहा, मोठ्यानं बोला, मग हवं असेल तर हिंदी-इंग्रजीत करा. थेट इंग्रजीतून पाठ केलेलं "मायसेल्फ" दुसऱ्या प्रश्नाला कोसळतं. कारखान्यात, गोदामात, दवाखान्यात मराठी-हिंदीवर काम भागतं. मिहानमधल्या आयटी आणि बॅक ऑफिसच्या कामाला इंग्रजी आणि टायपिंग लागतंच. तिथे जायचं असेल तर रोज अर्धा तास टायपिंग आणि अर्धा तास मोठ्यानं वाचन, असे तीन महिने द्या. आधी मुलाखत आणि मग तयारी, असं करू नका.

आता गॅपचा प्रश्न, नागपुरातला खास. पोलीस भरती, एमपीएससी, रेल्वे. चार-पाच वर्षं अभ्यासिकेत आणि मैदानावर गेलेली असतात. मुलं ती लपवतात, "घरी शेती पाहत होतो" म्हणतात, आणि दोन प्रश्नांत उघडी पडतात. लपवू नका. "२०२१ ते २०२४ पोलीस भरतीची तयारी केली, एकदा मैदानी पास झालो, लेखीत राहिलो. आता वय आणि घर बघून ठरवलं आहे." पहाटे पाचला उठून सोळाशे मीटर धावणारा मुलगा फर्स्ट शिफ्टला टिकतो, हे टाइम ऑफिसवाल्याला ठाऊक असतं. त्याला फक्त एक भीती असते: पुढची जाहिरात आली की हा पळेल. ती भीती तुम्हीच बोलून दाखवा. "परीक्षा असेल तर पंधरा दिवस आधी सांगीन" एवढं म्हटलं तरी बरंच हलकं होतं.

एखादी पोलीस केस असेल, मोर्च्यातली, भांडणातली, तर चारित्र्य पडताळणीत ती निघणारच. निर्दोष सुटला असाल तर निकालाची प्रत सोबत ठेवा आणि विचारलं की खरं सांगा. केसपेक्षा लपवणं जास्त नडतं.

दिव्यांग उमेदवारांनी यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढून ठेवावं. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असेल तर २०१६ च्या कायद्यानं सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण आहे. खासगीत आरक्षण नाही, तिथे बोलताना काय जमत नाही यापेक्षा काय सोय लागते ते सांगा: "खुर्ची लागते, जिना नको."

पायरी ७: रुजू होताना काय हातात घ्यायचं

नियुक्तीपत्र. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या, आणि त्यांत प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र देणं बंधनकारक केलं आहे, ठेकेदारामार्फत लागला तरी. पत्र मिळायला वेळ लागला तर गेटपासचा फोटो काढून ठेवा, आणि स्वतःच्या डायरीत रोजची हजेरी लिहा: तारीख, आलो, गेलो, ओटी. ही डायरी नंतर भांडणात सोन्यासारखी असते.

तुमचा मालक नेमका कोण ते विचारा. गेटवर कंपनीचं नाव, पण पगार देणारा ठेकेदार वेगळा, हे नागपुरात सर्रास आहे. पत्रावर ज्याचं नाव, त्याच्याकडे तुमचा पीएफ.

पहिल्या पगारानंतर दोन गोष्टी तपासा. यूएएनला जोडलेल्या मोबाईलवरून ९९६६०४४४२५ वर मिस्ड कॉल द्या, पीएफची शिल्लक मेसेजमध्ये येते. स्लिपमध्ये १,६८० कापले आणि खात्यात शून्य दिसत असेल तर एक-दोन महिने बघा, मग विचारा, मग तक्रार करा. पीएफचं कार्यालय तुकडोजी चौकात, रिज रोडवर आहे. तुमच्या १२ टक्क्यांइतकेच मालकानंही भरायचे असतात, आणि त्याच्या वाट्यातले ८.३३ टक्के पेन्शनला जातात. दहा वर्षांची नोकरी झाली तर पेन्शनचा हक्क येतो. ती दहा वर्षं वेगवेगळ्या कंपन्यांची मिळून चालतात, म्हणून दर नोकरीनंतर पीएफ काढून खाऊ नका, पुढे ट्रान्सफर करा. शिवाय नोकरीत असताना माणूस गेला तर पीएफसोबतच्या विम्यातून घरच्यांना सात लाखांपर्यंत मिळतात. त्यासाठी नॉमिनी भरलेला हवा. तो भरलाय का, ते आज रात्री बघा.

ईएसआय २१,००० पर्यंतच्या पगाराला लागू. स्वतःच्याच नव्हे, घरच्यांच्याही उपचाराची सोय त्यात आहे. सोमवारीपेठेतलं कामगार विमा रुग्णालय त्यासाठीच आहे. आजारपणात रजा घ्यावी लागली तर, आधीच्या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के मिळतात. ईएसआयचं कार्ड घरात नसल्यामुळे खासगी दवाखान्यात कर्ज काढून बसलेली माणसं मी मोजू शकत नाही.

पायरी ८: पहिले तीन महिने

काम शिकायचं नसतं, यायचं असतं. थोडं कडू वाटेल, पण पहिल्या तीन महिन्यांत सुपरवायझर तुमचं कौशल्य मोजत नसतो, खाडे मोजत असतो. आमच्या टाइम ऑफिसात एक अलिखित पद्धत होती: न सांगता तीन खाडे झाले की नाव ठेकेदाराच्या यादीत लाल शाईनं. सांगून चार झाले तरी चालायचे. फरक फक्त एका फोनचा.

म्हणून सुपरवायझरचा नंबर पहिल्याच दिवशी घ्या. आजारी पडलात तर शिफ्ट सुरू व्हायच्या आधी सांगा, मेसेज नको, फोन. सणांची रजा आधी मागा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, मारबत-बडग्यांच्या मिरवणुकीला निम्मी लाईन रिकामी व्हायची. त्यातले अर्धे सांगून गेलेले असायचे, अर्धे दुसऱ्या दिवशी "पोट बिघडलं होतं जी" म्हणत यायचे. कोणाला ठेवायचं ते त्या दिवशीच ठरायचं. धम्मचक्र प्रवर्तन दिनाची, लगीनसराईचीही तीच गत.

पहिला पगार येईपर्यंतचे दिवस वेगळे कठीण. एक तारखेला लागलात तर पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत, म्हणजे जवळजवळ पाच आठवडे प्रवास आणि डबा स्वतःच्या खिशातून. अनेकजण याच काळात सोडतात, आणि घरचे म्हणतात टिकत नाही. आधीच चार-साडेचार हजारांची सोय करून ठेवा, पण ॲपवरच्या झटपट कर्जातून नको. ते कर्ज पहिला पगारच गिळतं.

घरातून बाहेर पडणाऱ्या बाईसाठी

वेगळा मथळा दिला, कारण बाईची अडचण बहुतेक वेळा गेटापाशी सुरू होत नाही, घराच्या दारातच सुरू होते. "घरचे सोडत नाहीत" हे वाक्य रविवारी हमखास येतं. तेव्हा मी मुलीला नाही, घरच्यांना सोबत आणायला सांगतो. सासूबाईंना एकदा बस कुठून सुटते, किती वाजता परत येते, सोबत कोण आहे, हे नीट सांगितलं तर निम्मा विरोध गळतो. त्यांना भीती अंधाराची असते, नोकरीची नसते.

कायदा इथे कामाला येतो. दुकानं आणि ऑफिसांसाठीच्या महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला तिच्या संमतीनंच काम देता येतं, आणि सुरक्षिततेची व ने-आण करण्याची जबाबदारी मालकावर असते. त्यामुळे नाईटला "गाडी घरापर्यंत सोडेल ना?" हे विचारणं लाड नाही. दहा किंवा अधिक माणसं काम करत असतील तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी. दहापेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. लहान मूल असेल तर पन्नास किंवा अधिक माणसांच्या ठिकाणी पाळणाघराची तरतूद आहे. प्रत्यक्षात ते नसतं किंवा त्या खोलीत फायली ठेवलेल्या असतात. म्हणून शेजारच्या एका ताईशी ठरवा, महिन्याचे पैसे ठरवून. नुसत्या मेहरबानीवर ठेवलेलं मूल महिनाभरानं परत येतं.

पायरी ९: सोडायचीच असेल तर

रागानं गेटपास फेकून जाऊ नका. एक ओळीचा का होईना राजीनामा द्या, त्याच्या प्रतीवर सही-शिक्का घ्या. नव्या वेतन संहितेनुसार सोडल्यावर दोन कामाच्या दिवसांत पगाराचा हिशेब व्हायला हवा. झाला नाही तर आधी लेखी मागणी, मग कामगार आयुक्तांचं कार्यालय, तिथे तीच हजेरीची डायरी घेऊन जा. अनुभवाचं प्रमाणपत्र मागा. ठेकेदार देत नसेल तर पगाराच्या स्लिपा आणि पीएफचं पासबुक हाच तुमचा अनुभव.

आणि पीएफमध्ये बाहेर पडल्याची तारीख भरली गेली का, ते बघा. ती नसेल तर जुनं खातं नव्याला नीट जोडलं जात नाही, पैसे काढतानाही अडतं. जुना ठेकेदार फोन उचलत नसेल तर त्याच्या मागे फिरू नका. शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने झाले की यूएएनच्या पोर्टलवर ती तारीख तुम्ही स्वतः भरू शकता. आधारचा ओटीपी येतो, पाच मिनिटांत होतं. अर्थात, तो ओटीपी बाबांच्या बंद पडलेल्या नंबरवर जात नसेल तर.